‘खमंग’ कुणाच्या मालकीचं?

वाचकांचे प्रश्न : व्यवसाय आणि कायदा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका गावात राहते. २०१६ पासून थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करून विकते. आधी महिन्याला पाच-सात किलो व्हायचं, आता हाताखाली चार बायका आहेत आणि माल रत्नागिरी, सातारा, पुण्यापर्यंत जातो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘खमंग भाजणी’ आणि कोपऱ्यात दोन चिमण्यांचं चित्र आहे. ते माझ्या मुलीने सातवीत असताना काढलं होतं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका विक्रेत्याने ‘खमंग भाजणी’ याच नावाने पाकीट बाजारात आणलं. मी घाईघाईने ट्रेडमार्कचा अर्ज भरला. आता तपासणी अहवाल आलाय. त्यात कलम ९(१)(बी) खाली हरकत घेतली आहे की हे नाव मालाच्या गुणाचं वर्णन करतं. आमचे एजंट म्हणतात, काळजी नको, गोल लोगोत बसवून नवा अर्ज टाकू, लगेच होईल. इकडचे दुकानदार माझ्या मालाला ‘चिमणीची भाजणी’च म्हणतात, ‘खमंग’ कुणाच्या तोंडी नाही. म्हणून वाटतं, नाव आत्ताच जपायला हवं. काय करू?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आहे. त्याकडे येतेच. त्याआधी तारीख बघा. तपासणी अहवाल हाती आल्यापासून एक महिन्यात उत्तर दाखल करावं लागतं. ते गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. या अर्जाचं पुढे काहीही करायचं ठरवलं, तरी तो नुसत्या आळसाने जाऊ देऊ नका.

आता हरकतीबद्दल. परीक्षकाने अन्याय केलेला नाही. भाजणी म्हणजे भाजलेली. तांदूळ, बाजरी, ज्वारी, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे वेगवेगळे भाजताना स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत जो वास जातो, त्याला मराठीत एकच शब्द आहे. भाजणी करणारी कोणतीही बाई आपल्या मालाबद्दल पहिलं सांगेल ते हेच, की ती खमंग आहे. हा शब्द तुमच्या आधी तुमच्या सासूबाईंचा होता, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंचा, आणि उद्या गुहागरमध्ये कुणी नवी मुलगी हा धंदा सुरू करेल तेव्हा तिलाही तो लागणार आहे. तो तुमच्या एकटीच्या नावावर केला तर तिने पाकिटावर काय लिहायचं?

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्याचं कलम ९ एवढंच सांगतं की जे चिन्ह फक्त मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग, किंमत, मूळ ठिकाण किंवा बनवल्याचा काळ सांगतं, त्याची नोंदणी होणार नाही. यातला ‘फक्त’ महत्त्वाचा आहे. ‘खमंग’ गुण सांगतो, ‘भाजणी’ प्रकार सांगतो, आणि दोन्ही मिळून तिसरं काही सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये १९०९ साली साबणासाठी ‘परफेक्शन’ हा शब्द नोंदवून मागणारं प्रकरण गाजलं होतं. त्यात न्यायमूर्ती कोझेन्स-हार्डी म्हणाले होते की श्रीमंत व्यापाऱ्यांना भाषेच्या सामाईक जमिनीचा तुकडा कुंपण घालून घ्यायची आणि इतरांना बाहेर ठेवायची हौस असते. ते वाचताना मला नेहमी आपलं गायरान आठवतं. गायरानात गुरं सगळ्यांची चरतात. तिथे कुणी तारेचं कुंपण घातलं की गाव गप्प बसत नाही, आणि बसूही नये. आपल्याकडे १९५५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने वनस्पती तुपासाठी ‘रसोई’ हे नाव नोंदवायला नकार दिला, तोही याच धर्तीवर. स्वयंपाकाच्या वस्तूला ‘रसोई’ म्हणणं म्हणजे तिचा उपयोगच सांगणं.

तरीही कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. अर्जाच्या तारखेपूर्वीच्या वापराने त्या शब्दाला वेगळी ओळख मिळाली असेल, म्हणजे लोकांना तो शब्द ऐकून गुण न आठवता तुम्ही आठवत असाल, तर नोंदणी नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ‘सुपर कप’ चहाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं की वर्णनात्मक नावालाही असा दुसरा अर्थ चिकटला असेल तर संरक्षण मिळू शकतं. पण ते सिद्ध करावं लागतं. वर्षावर्षाची विक्री, बिलं, जाहिरातींचा खर्च, छापून आलेली कात्रणं, सीएचा दाखला, ग्राहकांची आणि दुकानदारांची प्रतिज्ञापत्रं. आपल्या गृहउद्योगातल्या बायका माल चोख करतात पण कागद ठेवत नाहीत, हे मी तीस वर्षं बघतेय आणि दर वेळी जीव तुटतो. प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, छापखान्याचं पाकिटांचं बिल, दिवाळीच्या ऑर्डरची वही, कुरिअरच्या चिठ्ठ्या, हे सगळं पुरावा आहे. ठाण्यातल्या एका काकूंनी बावीस वर्षांची बिलं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत तारखेवार लावून ठेवली होती. ते डबे त्यांनी माझ्या टेबलावर मांडले तेव्हा अर्धं काम तिथेच झालं होतं.

पण ताई, तुमच्या बाबतीत मला खरं सांगितलं पाहिजे. तुम्हीच लिहिता की ‘खमंग’ कुणाच्या तोंडी नाही. सुनावणीत नेमका हाच प्रश्न विचारला जाईल : ‘खमंग’ म्हटलं की लोकांना तुम्ही आठवता का? तुमच्या दुकानदारांनी खरी प्रतिज्ञापत्रं दिली तर ती तुमच्या विरुद्ध जातील. या शब्दासाठी पैसे आणि उमेद खर्च करू नका.

आता लोगोबद्दल. एजंट म्हणतात तसं होऊ शकतं. गोल चौकट, रंग, नक्षी, दोन चिमण्या असं सगळं मिळून एक चित्र-चिन्ह म्हणून नोंदणी मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण त्या प्रमाणपत्राने मिळतं काय, हे ते तुम्हाला सांगत नाहीत. कलम १७ म्हणतं की नोंदणी संपूर्ण चिन्हाची असते. त्यातला जो भाग धंद्यात सर्रास चालणारा किंवा वेगळी ओळख नसलेला आहे, त्याच्यावर एकट्यावर हक्क मिळत नाही. म्हणजे नोंदणी झाल्यावरही ‘खमंग’ शब्द जिथल्या तिथेच राहणार, सगळ्यांचा.

हे मी इतकं रागाने का लिहितेय ते सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एक तेलवाले माझ्याकडे आले होते. त्यांच्या लेबलवर ‘लाकडी घाणा’ हे शब्द आणि बैलाचं चित्र होतं. लेबलची नोंदणी मी करून दिली. शब्दांवर हक्क येत नाही हे मी सांगितलं होतं, पण एका वाक्यात, चहा पिता पिता. पाच वर्षांनी त्यांच्या समोरच्या रस्त्यावर दुसऱ्याने ‘लाकडी घाण्याचं तेल’ अशी पाटी लावली. ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून आले आणि म्हणाले, आता नोटीस काढा. मला त्यांना सांगावं लागलं की या कागदावर त्या पाटीला हात लावता येत नाही, कारण समोरचा माणूस खरंच लाकडी घाण्यावर तेल काढतो आणि तो तसं म्हणू शकतो. त्यांनी प्रमाणपत्र परत पाकिटात घातलं आणि काही न बोलता गेले. त्या दिवसापासून कोणतंही चित्र-चिन्ह दाखल करण्यापूर्वी मी अशिलाकडून एका कागदावर लिहून घेते : यातले अमुक शब्द माझे होणार नाहीत, हे मला समजलं आहे. प्रत्येक एजंटाने हे करावं असं माझं मत आहे. लोक पैसे हक्कासाठी देतात, भिंतीवर लावायच्या कागदासाठी देत नाहीत.

शब्दाची नोंदणी मिळाली तरी गोष्ट संपत नाही. कलम ३०(२) प्रमाणे दुसऱ्याने तो शब्द आपल्या मालाचा गुण सांगायला वापरला तर तो भंग ठरत नाही. ‘शुगर फ्री’ या गोडव्याच्या गोळ्या सगळ्यांना माहीत आहेत. २००८ च्या सुमारास अमूलने आपल्या गोठवलेल्या मिठाईच्या डब्यावर ‘शुगर फ्री’ लिहिलं, तेव्हा कॅडिला कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एवढी मोठी कंपनी, एवढी जाहिरात. तरी न्यायालयाने अमूलला हे शब्द वापरायला पूर्ण बंदी केली नाही. एवढंच सांगितलं की ते ‘अमूल’ नावाला झाकून टाकतील अशा मोठ्या अक्षरांत नकोत. आणि मसाल्यातलंच उदाहरण हवं तर ‘मॅजिक मसाला’चं घ्या. नूडल्सच्या पाकिटावरच्या या शब्दांसाठी आयटीसी आणि नेस्ले यांचा वाद मद्रास उच्च न्यायालयात चालला आणि २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की ‘मॅजिक’सारख्या कौतुकाच्या शब्दावर एकाची मक्तेदारी नाही.

आता तुमच्या चिमण्या.

भाजणीचा आणि चिमण्यांचा काय संबंध? काहीही नाही. आणि म्हणूनच त्या तुमच्या आहेत. ट्रेडमार्कची सगळी ताकद या ‘काही संबंध नाही’मध्ये असते. दांडेकरांनी १९३१ साली शाईची भुकटी विकायला काढली ती घोडा छाप, आणि मग उंट आला, ‘कॅमल’. शाईला आणि उंटाला जोडणारं काहीच नाही, पण तीन पिढ्यांनी कंपासपेटी उघडली की उंट दिसला. दुसऱ्या कोणत्याही शाईवाल्याला आपली शाई निळी आहे हे सांगायला उंट लागत नाही, म्हणून तो दांडेकरांना देऊन टाकण्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात वाचता न येणारी माणसंही अमुक छाप काडेपेटी, तमुक मार्का साबण मागून घ्यायची. नावापेक्षा चित्र आधी पोचायचं. तुमच्या दुकानदारांनी तेच केलंय. तुमच्या मालाला खरं नाव त्यांनी दिलं, तुम्ही अजून त्याच्याकडे बघितलेलं नाही.

विकोचं उदाहरणही डोळ्यासमोर ठेवा. ‘विको टर्मेरिक’. यातला ‘टर्मेरिक’, म्हणजे हळद, सगळ्यांचा. ‘विको’ एकट्या पेंढरकरांच्या कंपनीचा. दोन्ही शब्द शेजारी बसलेत आणि कुणाची अडचण होत नाही. बाकरवडी कुणीही करू शकतं, ‘चितळ्यांची’ म्हणायचं ते चितळ्यांनीच. म्हणून तुम्हीही ‘खमंग’ पाकिटावरून काढू नका. चिमण्या वर, मोठ्या, आणि खाली लहान अक्षरांत ‘खमंग भाजणी’ असं मांडा.

नवा अर्ज करताना दोन वेगवेगळे करा : एक ‘दोन चिमण्या’ या शब्दांचा, एक मुलीच्या चित्राचा. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकवार वर्ग पाडलेले असतात; भाजणी आणि मेतकूट दोन्ही वर्ग ३० मध्ये येतात. पुढे लोणची करायची असतील तर त्यांचा वर्ग २९, त्याचे पैसे वेगळे. व्यक्तीच्या नावावर किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, पण त्यासाठी अँटॉप हिलला खेपा घालायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर होते. दाखल करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या, आणि फक्त ‘चिमणी’ बघून थांबू नका. ‘चिडिया’, ‘स्पॅरो’, एक चिमणी, पक्ष्यांची जोडी, सगळं बघा, कारण अर्थ आणि चित्र सारखं असेल तरी हरकत येते. २०१६ पासूनचा वापर अर्जात लिहा आणि त्याला प्रतिज्ञापत्र आणि बिलं जोडा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतं. नोंदणी झाली की ती दहा वर्षांची, मग नूतनीकरण. आणि प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पाकिटावर वर्तुळातला ‘आर’ छापू नका. तोवर ‘टीएम’ चालतं.

पुण्याचा विक्रेता. त्याने फक्त ‘खमंग भाजणी’ लिहिलं असेल तर सोडून द्या. पण त्याचं पाकीट आणा, तुमच्या शेजारी ठेवा. रंग, अक्षरांची ठेवण, मांडणी, चित्र असं सगळं उचललेलं दिसलं आणि गिऱ्हाईक फसून त्याचा माल तुमचा समजून घेत असेल, तर नोंदणी नसतानाही दावा करता येतो. नाव वर्णनाचं असलं म्हणून तोतयेगिरीला परवानगी मिळत नाही. दोन्ही पाकिटं घेतल्याची बिलं जपून ठेवा.

मुलगी आता मोठी झाली असेल. चित्र तिचं आहे, त्यावर तिचा कॉपीराइट आहे. तिने ते तुमच्या व्यवसायाला दिल्याचा साधा लेखी कागद करून घ्या. आई-मुलीत कागद कशाला, असं वाटेल. तरी करा.

प्रश्न : मी आणि माझा मित्र शेतकऱ्यांना बाजार समित्यांमधले रोजचे दर दाखवणारं ॲप करतोय. नाव ‘बाजारभाव’. कुणीतरी सांगितलं की असं नाव मिळत नाही, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक-दोन अक्षरं बदलली आणि शेवटी डॉट कॉम लावलं. डोमेन आम्ही विकत घेतलंय. आता तरी ट्रेडमार्क मिळेल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि हे आत्ता कळलं ते बरं झालं.

स्पेलिंग डोळ्याला वेगळं दिसतं, कानाला ते ‘बाजारभाव’च आहे. मॅरिको कंपनीने सफोला तेलासाठी ‘लो-सॉर्ब’ हे नाव नोंदवून घेतलं होतं. प्रतिस्पर्धी ॲग्रो टेकने सनड्रॉपच्या पाकिटावर ‘लो ॲब्सॉर्ब टेक्नॉलॉजी’ लिहिलं, म्हणजे तळताना तेल कमी शोषलं जातं. मॅरिको न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मनाई द्यायला नकार दिला. वर्णनाचे शब्द जरा इकडचे तिकडे करून त्यांची मालकी मागण्याला न्यायालयांनी उत्तेजन देऊ नये, असा त्या निकालाचा रोख आहे. लक्षात घ्या, मॅरिकोकडे नोंदणी होती.

डॉट कॉमचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये ‘शादी डॉट कॉम’ने ‘सेकंडशादी डॉट कॉम’विरुद्ध मनाई मागितली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती नाकारली. लग्न जुळवणाऱ्या सेवेसाठी ‘शादी’ हा शब्द काय सांगतो हे सांगायची गरज नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ‘बुकिंग डॉट कॉम’ला नोंदणीची वाट मोकळी केली, हे तुम्हाला कुणीतरी दाखवेल. तिथेही मुद्दा लोक त्या नावाने काय समजतात याचाच होता, आणि त्या कंपनीकडे ते दाखवायला ग्राहकांचं सर्वेक्षण होतं. तुमचं ॲप अजून सुरूही झालेलं नाही. डोमेन म्हणाल तर तो पत्ता आहे, पैसे भरेल त्याला मिळतो. त्याने शब्दावर हक्क येत नाही.

तुम्ही दोघं अजून कोऱ्या पाटीवर आहात. चिपळूणच्या ताईंसारखी छापलेली पाकिटं तुमच्याकडे पडून नाहीत. शेतकऱ्याला जिव्हाळ्याचं वाटेल, पण दराचं वर्णन करणार नाही असं नाव शोधा. बैलाच्या गळ्यातलं काही, बांधावरचं काही, आकाशातलं एखादं नक्षत्र. गुंतवणूकदार आणि जाहिरातवाले तुम्हाला उलटं सांगतील, की नाव ऐकल्याबरोबर काम कळलं पाहिजे. काम कळवायला नावाखालची ओळ असते. तिथे ‘रोजचे बाजारभाव’ खुशाल लिहा.

प्रश्न : आमच्या आजोबांपासून शेंगदाण्याच्या चटणीचा धंदा आहे. ‘सोलापुरी चटणी’ हे नाव आमच्या नावावर करून घेता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गावाचं नाव हे मूळ ठिकाण सांगतं, तेही कलम ९ मध्ये अडतं. सिगारेटसाठी ‘सिमला’ हे नाव मागणाऱ्या इम्पीरियल टोबॅकोला १९७७ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने नकार दिला. त्या सिगारेटचा शिमल्याशी संबंध नव्हता, तरी एवढ्या प्रसिद्ध गावाचं नाव एका कंपनीला मिळालं नाही. तुमच्या चटणीचा तर सोलापूरशी पूर्ण संबंध आहे, आणि तिथे उखळात दाणे कुटणारं प्रत्येक घर तोच संबंध सांगू शकतं. गावाच्या लौकिकाचं संरक्षण हवं असेल तर त्याला भौगोलिक मानांकन हा वेगळा मार्ग आहे. तो कुणा एकाच्या नावाने मिळत नाही, उत्पादकांच्या संस्थेने मिळून अर्ज करायचा असतो. सोलापूरच्या चादरीला ते मिळालेलं आहे, तुमच्या शहरात त्याची माहिती असणारी माणसं भेटतील.

स्वतःसाठी मात्र आजोबांचं आडनाव घ्या. आत्ताच्या कायद्यात आडनाव नोंदवता येतं. त्याच आडनावाचा दुसरा कुणी प्रामाणिकपणे आपलं नाव वापरत असेल तर त्याला अडवता येणार नाही, एवढी मर्यादा आहे. दुकानाचा सर्वांत जुना कागद शोधून ठेवा : परवाना, भाड्याची पावती, विक्रीकराची नोंद, जे असेल ते. वापर त्या कागदावरच्या तारखेपासून मोजता येईल.